आरंभाची लाज

देह हे साधनेचे साधन आहे आणि त्याची निगा राखणे हे कर्तव्य आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. शरीर सांभाळावे की नाही, असा वाद आता कोणी घालीत नाही. तथापि या सर्वमान्य तत्त्वाच्या आणि प्रत्यक्ष आचरणाच्या मध्ये एक उंबरठा आहे, आणि त्याचा विचार आमच्या पाहण्यात फारसा झालेला नाही. ज्याचा देह फार स्थूल झाला आहे अशा मनुष्यास व्यायामाची आवश्यकता पटलेली असते. डॉक्टरांनी ती बजावून सांगितलेली असते. सकाळी अर्धा तास मोकळा असतो, घरासमोर रस्ताही असतो. आणि तरीही तो मनुष्य बाहेर पाऊल टाकीत नाही. हा आळस आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु त्याच्याजवळ बसून ममतेने विचारले, तर पुष्कळदा निराळेच उत्तर मिळते: ‘‘लोक काय म्हणतील?’’

या तीन शब्दांचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. स्थूल मनुष्यास आपल्या देहाची जी लाज वाटते, ती सद्‌गुण मानावी की दुबळेपणा? आणि ती लाज उत्पन्न करणारे डोळे जर आपलेच असतील, तर तिच्यातील आपला वाटा किती? पहिला प्रश्न त्या मनुष्याच्या नीतीचा आहे, दुसरा आपल्या सर्वांच्या. आम्हांस दुसरा अधिक महत्त्वाचा वाटतो. का, ते ओघाने येईलच.

हा प्रश्न मुंबई-पुण्यापेक्षा तिरोडीसारख्या गावी अधिक तीव्र होतो. आपले गाव खाणीचे. १८९६ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश मंडळीच्या काळापासून या प्रदेशातील मँगनीजच्या खाणी चालत आल्या, आणि १९६२ साली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही संस्था निघून त्या तिच्याकडे आल्या. या साऱ्या काळात येथील मनुष्याचा घाम गळला तो मजुरीसाठी. सब्बल, फावडे आणि डोक्यावरची टोपली यांच्याशी ज्यांचा जन्म गेला, त्यांना व्यायाम हा शब्द वेगळा शिकावा लागला नाही. पुढे यंत्रे आली. टोपलीचे काम डंपर करू लागला. ज्यांचे आजे दगड फोडीत, ते नातू कचेरीत, दुकानात, शाळेत अथवा यंत्राच्या आसनावर बसून दिवस काढू लागले. सायकलीची जागा मोटारसायकलने घेतली. हे वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. ते सुख की दुःख, हे ज्याने टोपली वाहिली आहे त्यालाच विचारावे. परंतु देहाचे कष्ट गेले आणि ताट मात्र कष्टकऱ्याचेच राहिले. त्यात रात्रपाळीने झोप मोडली. परिणाम डोळ्यांसमोर आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील प्रौढ स्त्री-पुरुषांपैकी सुमारे चौथा हिस्सा प्रमाणापेक्षा अधिक वजनाचा आढळला. म्हणजे ही एखाद्या खादाड शेठजीची गोष्ट राहिलेली नसून घरोघरची गोष्ट झाली आहे.

देह बदलला, पण गावाची दृष्टी बदलली नाही. गावात मनुष्य चालतो तो कोठेतरी जाण्यासाठी. बाजारास, स्टेशनास, शेतावर किंवा पाळीवर. कारणावाचून चालणारा आपल्या डोळ्यांना खटकतो. शहरात असा मनुष्य गर्दीत बुडून जातो. येथे पहिल्याच वळणावर प्रश्न येतो, ‘‘का जी, इतक्या सकाळी कुठं चालले?’’ प्रश्न आपुलकीचा असतो, यात संशय नाही. पण ज्याने रात्रभर मनाची तयारी करून चपला पायांत घातलेल्या असतात, त्याच्या कानी तो उलटतपासणीसारखा पडतो. तो ‘दूध आणावयास निघालो’ असे काहीतरी सांगतो, चार पावलांवरून परततो आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातच राहतो. ही स्त्री असेल तर गोष्ट याहून कठीण. दोन-तीन बाळंतपणांनंतर अंग सुटलेली गृहिणी पहाटे एकटी रस्त्याने चालू लागली, तर तिच्या देहाची चर्चा होतेच, शिवाय तिच्या घरच्या कामाची आणि चालण्याच्या हेतूचीही होते. ज्या वाटेवर इतके जकातनाके आहेत, त्या वाटेने कोणी निघाला नाही, तर सगळा दोष निघणाऱ्याचाच कसा?

आता लाजेचा विचार करू. आपल्या परंपरेने लाजेला तुच्छ मानलेले नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची जी गणना आहे, तीत ‘ह्री’ म्हणजे लज्जा हिचाही समावेश आहे. पण ती कोणती लज्जा? वाईट कृत्य करताना मनुष्याला आतून जो संकोच वाटतो, हात आखडतो, ती. तिचा साक्षी आत असतो. अंधारात, एकांतात, कोणी पाहत नसतानाही ती जागी असते. लोकलज्जेचा साक्षी मात्र बाहेर असतो. दार लावून घेतले की ती नाहीशी होते आणि दार उघडले की परत येते. या दोहोंचे नाव एक असले तरी कूळ एक नव्हे. पहिली मनुष्याला वाईटापासून आवरते. दुसरी वाईटापासून आवरतेच असे नाही. पुष्कळदा ती चांगल्यापासूनच आवरते. लाच घेताना जी लाज वाटत नाही आणि फाटका सदरा घालताना वाटते, ती दुसऱ्या कुळातली. स्थूल मनुष्याला रस्त्यावर चालताना वाटणारी लाज याच कुळातली आहे, असे आमचे मत आहे.

यावर कोणी म्हणेल की, देह स्थूल झाला तो खाण्यापिण्याच्या असंयमामुळे. असंयम हा दोष. दोषाची लाज वाटणे योग्यच. हा आक्षेप वरवर सबळ दिसतो. त्याचे उत्तर चरकसंहितेत पाहावे. तिच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ प्रकारचे देह निंदित म्हणून सांगितले आहेत: अतिदीर्घ, अतिऱ्हस्व, अतिलोमश, अलोम, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश. या यादीकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की, येथे पापाची गणना नसून प्रमाणापासून ढळण्याची गणना आहे. नाहीतर फार उंच मनुष्याने किंवा फार गोऱ्या मनुष्याने कोणते पाप केले? स्थौल्याची कारणे सांगताना ग्रंथकार अतिभोजन, दिवसा झोप, व्यायामाचा अभाव ही सांगतात. पण त्याबरोबरच बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला पिंड, हेही एक कारण म्हणून नोंदवितात. त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, अतिशय भूक लागणे हा त्यांनी स्थौल्याचा एक उपद्रव मानला आहे. मेदाने वाट अडविली म्हणजे कोठ्यातील वायू अग्नी चेतवितो आणि भूक वाढते, अशी त्यांची उपपत्ती आहे. तिची भाषा आजच्या शास्त्राची नव्हे. परंतु तिच्यातील न्यायबुद्धी पाहावी. ज्याला आपण हावरेपणा म्हणून हसतो, तो कित्येकदा रोगाचाच भाग असतो, हे त्या वैद्यांनी ओळखले होते. आजचे वैद्यकही आनुवंशिकता, कंठग्रंथीचे विकार, काही औषधे, अपुरी झोप यांची नावे सांगते. म्हणून देह पाहून मनुष्याच्या संयमाचा निवाडा करणे हे अज्ञान आहे. आणि अज्ञानाने केलेला निवाडा हा अन्याय होय.

पण क्षणभर असे धरून चालू की, दोष सर्वस्वी त्याचाच आहे. तरीही लाज कोणत्या क्षणी वाटावी? दोष करताना, की दोष सुधारताना? आपल्या समाजाचा व्यवहार येथे अगदी उलटा आहे. लग्नाच्या पंगतीत हाच स्थूल गृहस्थ बसला म्हणजे वाढपी त्याच्यापुढे जिलब्यांचे ताट घेऊन उभा राहतो. तो हात आडवा करतो. आपण हात बाजूला सारून वाढतो. ‘‘एवढ्याने काय होते? तुमच्यासारख्यांनीच नाही खायचे तर कोणी?’’ असे म्हणून चार मंडळी हसतात, आणि न खाणे हा यजमानाचा अपमान ठरतो. तेथे त्याला लाज वाटावी असे कोणी म्हणत नाही. तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी पहाटे धापा टाकीत चालताना दिसला, की काल आग्रह करणारेच आज एकमेकांस कोपराने खुणावतात. पंगतीत आग्रह आणि रस्त्यावर उपहास, अशी ही दुधारी रीत आहे. ज्या गावात रोग वाढविणे हा पाहुणचार आणि रोगावर उपाय करणे हा तमाशा ठरतो, त्या गावाने त्या मनुष्याला निर्धाराचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा?

विनोदाला आमचा विरोध नाही. मराठी माणसाने स्थूलपणावर मनमुराद हसून घेतले आहे. पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली प्रसिद्ध झाले. त्यातील वजन कमी करण्याच्या उपासाचे प्रकरण वाचून न हसलेला मराठी वाचक विरळा. परंतु त्या हास्याचे मर्म पाहावे. तेथे मनुष्य स्वतःला हसतो. आणि त्याहून अधिक हसू येते ते त्याच्याभोवती जमून परस्परविरुद्ध सल्ल्यांचा वर्षाव करणाऱ्या शेजाऱ्यांचे. म्हणजे तो बाण पोट सुटलेल्याला लागत नाही, सल्लागारांना लागतो. स्वतःला हसणे हा मनाचा मोकळेपणा आहे. दुसऱ्याला, तोही धडपडत असताना, हसणे हा मोकळेपणा नव्हे. प्रत्येक मंगलकार्याच्या आरंभी आपण ज्या देवतेचे पूजन करतो, तिच्या नावांतच लंबोदर हे एक नाव आहे. ते पोट पाहून आपले हात जुळतात आणि शेजाऱ्याचे पोट पाहून ओठ वाकडे होतात, या विसंगतीचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा.

येथे आणखी दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, उपहासाचा उपयोग होतो. लाज वाटली तरच मनुष्य सुधारतो. अनुभव याच्या विरुद्ध आहे. लाजविलेला मनुष्य व्यायामशाळेकडे धावत नाही, घरात शिरतो. आणि घरात त्याचे सांत्वन करावयास पुष्कळदा अन्नच असते. ज्यांना वजनावरून हिणविले जाते ते व्यायाम टाळतात आणि अधिक खातात, असे आधुनिक मानसशास्त्रातील संशोधनातही वारंवार दिसून आले आहे. शिवाय लाजेने धरलेला व्यायाम लाज ओसरली की सुटतो, आणि लाज वाढली तरीही सुटतो. त्या पायावर घर उभे राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. निंदा आणि स्तुती यांना समान मानावे अशी शिकवण आपल्या धर्माने दिली आहे. तेव्हा साधकाने लोकांकडे लक्षच देऊ नये, म्हणजे प्रश्न मिटला. ही शिकवण खरी आहे, पण ती शिखराची आहे, पायथ्याची नव्हे. निंदास्तुती समान होणे हे साधनेचे फळ आहे. फळ आल्यावाचून बी पेरू नये असे कोणी शेतकरी म्हणत नाही. उलट कोवळ्या रोपाभोवती तो काट्यांचे कुंपण घालतो, आणि झाड मोठे झाले म्हणजे त्याच झाडाला गुरे बांधतो. आरंभीचा साधक हे रोप आहे. कुंपण घालणे हे रोपाचे काम नव्हे. ते गावाचे काम आहे. दुसरा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा का वाटतो, ते यावरून ध्यानात येईल.

आमच्या पूर्वजांना हे कळत होते. जुन्या तालमीचे दार ठेंगणे आणि आतला हौद भिंतींच्या आड असे. आखाड्याची माती रस्त्यावरून दिसत नसे. नवा पोर पहिल्या दिवशी कसा धडपडला, जोर काढताना त्याचे हात कसे थरथरले, हे वस्ताद आणि सोबती यांखेरीज कोणाला कळत नसे. लोकांनी पाहावयाचे ते जत्रेतल्या कुस्तीच्या दिवशी. साधना वेगळी आणि प्रदर्शन वेगळे, हा भेद त्या ठेंगण्या दारात बांधलेला होता. आज आपण रस्ता हीच तालीम केली आहे, पण तिला दार ठेवलेले नाही.

महाराष्ट्राच्या व्यायामाच्या इतिहासातही आरंभाचे महत्त्व दिसते. लोकमान्य टिळक १८७३ साली डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा त्यांची प्रकृती अशक्त होती. त्यांनी पहिले वर्ष अभ्यासापेक्षा शरीर कमावण्यात घातले आणि परीक्षेतील अपयश पत्करले. कृश देहाची आणि स्थूल देहाची कथा येथे एकच आहे: जसा देह मिळाला त्यापासूनच आरंभ करावा लागतो, आणि त्यासाठी लोकांच्या दृष्टीने काहीतरी गमवावे लागते. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ सालचा. ऐन तारुण्यात त्यांनी सँडो या पाश्चात्त्य मल्लाच्या पद्धतीने सुमारे दहा वर्षे व्यायाम केला. आणि १९०८ साली, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो सोडून सूर्यनमस्कारांस आरंभ केला. पुढे आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांनी नमस्कारांचा प्रसार केला आणि १९५१ साली निवर्तेपर्यंत ते त्यांचे प्रचारक राहिले. चाळिशीत नवे काही आरंभिणे राजालाही सोपे नसते. आपल्या विदर्भात अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. बर्लिनची टाळी सर्वांच्या लक्षात राहते. अमरावतीच्या मैदानावरची ती पहिली, अडखळणारी सकाळ कोणाच्या लक्षात राहत नाही. पण तिच्यावाचून टाळी नाही.

आता ज्या बंधूला किंवा भगिनीला आरंभ करावयाचा आहे, तिच्याशी आणि त्याच्याशी चार शब्द बोलावेसे वाटतात. पहिली गोष्ट, आपल्या देहाचा द्वेष करून व्यायामास लागू नये. ज्याचे वजन शंभर किलो आहे तो मनुष्य पासष्ट किलोच्या मनुष्याबरोबर चालतो, तेव्हा तो पस्तीस किलोचे ओझे घेऊन चालत असतो. सिमेंटचे पोते पन्नास किलोचे असते. म्हणजे अर्ध्याहून अधिक पोते अंगावर घेऊन तो प्रत्येक पाऊल टाकतो. धाप त्याला लागते ती दुबळेपणाने लागते असे नव्हे. त्याचे काम अधिक आहे म्हणून लागते. कठड्यावर बसून हसणारा त्या दिवशी काहीच वाहत नसतो. खाणीच्या गावात तरी ओझ्याचा मान कोणाला द्यावयाचा, हे कळावयास हवे.

दुसरी गोष्ट, आरंभ अल्प असावा. वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे, आणि अर्धी शक्ती झाल्याची खूण सुश्रुताने दिली आहे: श्वास तोंडावाटे येऊ लागला की थांबावे. आजचे डॉक्टर सांगतात की, चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतकाच वेग ठेवावा. दोन्ही सूचना एकाच ठिकाणी येऊन मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचे प्रमाण सांगितले. पण त्याचबरोबर, मुळीच न करण्यापेक्षा थोडे केलेलेही हिताचे आहे, असे स्पष्ट केले. तेव्हा पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटे पुरेत. मधुमेह, रक्तदाब, छातीत कळ किंवा गुडघ्यांचे दुखणे असेल त्याने आधी डॉक्टरांस विचारावे. आपल्या भागातील उन्हाळा ध्यानात घेऊन उन्हाच्या आत परतावे. आणि रोज काट्यावर उभे राहू नये. वजन सावकाश उतरते, कधी उतरतही नाही. पण पायऱ्या चढताना धाप कमी लागणे, झोप गाढ येणे, रक्तातील साखर ताब्यात राहणे, ही फळे त्याआधी मिळतात. फळ काट्यावरच दिसले पाहिजे, हा हट्ट धरल्याने पुष्कळांचा व्यायाम महिन्याभरात सुटतो.

तिसरी गोष्ट, आरंभी आडोसा घेण्यात कमीपणा नाही. काही मंडळी म्हणतात, लपूनछपून कशाला, सरळ रस्त्यावर यावे. आम्हांस हे पटत नाही. एकांत हा साधनेचा जुना नियम आहे. घराच्या गच्चीवर, परसात, दाराआड करावयाचे नमस्कार हेही व्यायामच आहेत. आणि मंदिराला प्रदक्षिणा घालणाऱ्यास ‘कुठे निघालात’ असे कोणी विचारीत नाही, ही किती मोठी सोय आहे! येथे एक शंका येईल: देवाला प्रदक्षिणा घालताना मनात आरोग्याचा हेतू असणे, हे ढोंग नव्हे काय? नव्हे, असे आम्ही म्हणतो. ढोंग म्हणजे नसलेली भक्ती लोकांना दाखविणे. जो लोकांपासून आपला संकोच राखून देवासमोर आपला भार हलका करावयास येतो, तो कोणाला फसवीत नाही; ज्याच्याभोवती तो फिरतो, त्याला त्याचा हेतू ठाऊकच असतो. मात्र आडोसा हा आरंभाचा आधार आहे, कायमचे घर नव्हे. पायांत बळ आले की रस्ता त्याचाही आहे. त्याने तो मागून घ्यावयाचा नाही, नुसता वापरावयाचा.

आता आमचे निवेदन उरलेल्या सर्वांस. ज्यांना हा संकोच कधी शिवला नाही, त्यांच्यावर तो दूर करण्याची जबाबदारी अधिक आहे. चालणाऱ्यास कारण विचारू नये. ‘राम राम’ म्हणून पुढे जावे. न विचारता सल्ला देऊ नये. लिंबूपाणी, मध आणि मेथी यांच्या कथा त्याने आपल्यापेक्षा अधिक ऐकलेल्या असतात. स्तुतीही जपून करावी. ‘‘वा, किती उतरलात!’’ हे वाक्य गोड असले तरी त्यात ‘आम्ही मोजीत होतो’ हा अर्थ दडलेला असतो; आणि पुढे वजन पुन्हा चढले, तर तेच वाक्य त्याच्या छातीवर दगड होऊन बसते. पंगतीत एकदा नको म्हटले की वाढप्याने पुढे जावे. हात आडवा करणाऱ्याचा मान राखणे हाही पाहुणचारच आहे. घरातील पुरुषांनी पहाटेचा चहा अर्धा तास स्वतः करून घेतला, तर कित्येक गृहिणींचा व्यायाम त्याच दिवशी सुरू होईल. मंदिरांच्या चालकांनीही पहाटेची अथवा सायंकाळची एखादी वेळ स्त्रियांच्या चालण्यासाठी पटांगण मोकळे ठेवून राखावी; यास खर्च काहीच नाही, दिवा तेवढा लावावा लागेल. आणि शक्य असेल त्याने याहून चांगले करावे. असा कोणी शेजारी असेल, तर त्याच्याबरोबर, त्याच्या वेगाने, दुसऱ्या विषयावर बोलत चालावे. एकटा चालणारा डोळ्यांत भरतो. दोघे बोलत चालले की ते फिरावयास निघालेले दोन मित्र होतात.

तात्पर्य, प्रारंभी घातलेल्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. दोषाची लाज वाटणे हा सद्‌गुण आहे. देहाची लाज वाटणे हा दोष नव्हे, पण तो गुणही नव्हे, ते दुसऱ्यांनी ठेवलेले ओझे आहे. चांगल्या आरंभाची लाज वाटावी लागणे, हा मात्र दोषच आहे. आणि तो लाजणाऱ्याचा नसून लाजविणाऱ्यांचा आहे. चांगल्या मार्गावर केलेला आरंभ वाया जात नाही, असे आश्वासन गीतेने दिलेले आहे. दहा पावले टाकून परतलेल्याची दहा पावलेही जमेस धरली जातात. प्रश्न इतकाच की, त्याने अकरावे पाऊल टाकावे अशी वाट आपण त्याच्यासाठी ठेवली आहे की नाही. ती ठेवण्याची बुद्धी आपणां सर्वांस होवो, आणि जे आज दाराआड उभे आहेत त्यांच्या पायांना उद्याची पहाट लाभो, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.